राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती योजना : नागपूरहून एक परीक्षण

माझी भाची 2024 च्या सप्टेंबर महिन्यात राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीवर ब्रिटनला गेली आणि सार्वजनिक आरोग्य या विषयातील एका वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण करून आता परत आली आहे. तिचे वडील कोराडीच्या वीज केंद्रात कंत्राटी कामगार आहेत, आई म्हणजे माझी धाकटी बहीण अंगणवाडी सेविका आहे, आणि आमच्या दोन्ही घरांत मिळून पासपोर्ट काढणारी ती पहिलीच. मी नागपुरातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे नियमावली वाचणे, दाखले जुळवणे आणि तारखांची वही ठेवणे ही कामे आपोआप माझ्याकडे आली. इंदोरा, पाचपावली, जरीपटका, कामठी या भागांतली मुले-मुली ग्रंथालयात येऊन विचारतात, "मॅडम, ही योजना खरंच आपल्यासाठी आहे का?" त्यांना मी तोंडी जे सांगते, ते एकदा नीट लिहून ठेवावे म्हणून हे परीक्षण.

आधी योजनेविषयी थोडक्यात. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाची ही शिष्यवृत्ती 1954-55 पासून चालू आहे. सध्या तिच्यात वर्षाला 125 जागा आहेत. त्यांपैकी 115 अनुसूचित जातींसाठी, 6 विमुक्त, भटक्या व निमभटक्या जमातींसाठी आणि 4 भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर कुटुंबांतील मुलांसाठी आहेत; एकूण जागांपैकी 30 टक्के मुलींसाठी राखलेल्या आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांच्या आत, उमेदवाराचे वय 35 च्या आत आणि पात्रता परीक्षेत किमान 60 टक्के गुण या मुख्य अटी आहेत. पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडी यांसाठीच ती मिळते, पदवीसाठी मिळत नाही. विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या 500 मध्ये असावे लागते. शिकवणीचे शुल्क, वर्षाचा निर्वाहभत्ता, पुस्तके व किरकोळ खर्चाची रक्कम, विम्याचा हप्ता, व्हिसा शुल्क आणि जाण्यायेण्याचे विमानभाडे इतके सगळे सरकार देते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकासाचे केंद्रीय मंत्रालय अशीच वेगळी योजना चालवते; तिच्यात संपूर्ण देशासाठी अवघ्या 20 जागा आहेत. गडचिरोली आणि मेळघाट ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा आकडा किती तोकडा आहे हे वेगळे सांगायला नको.

या योजनेकडे बहुतेक लोक शिक्षणखात्याची एक सवलत म्हणून पाहतात. माझ्या मते ती त्याहून मोठी गोष्ट आहे. शिष्यवृत्तीचे पैसे परदेशातील भारतीय दूतावासांमार्फत आणि उच्चायुक्तालयांमार्फत दिले जातात, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाची यंत्रणा इथे अंगणवाडी सेविकेच्या मुलीसाठी काम करते. देशाचे परराष्ट्र धोरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिखर परिषदा येतात. 2023 च्या मार्चमध्ये जी-20 च्या निमित्ताने नागरी संस्थांच्या सी-20 गटाची पहिली परिषद नागपुरात भरली होती, तेव्हा वर्धा रोडच्या भिंती रंगल्या आणि रात्री झाडांवर दिवे लागले, हे नागपूरकरांना आठवत असेल. शहराला त्याचा आनंद झाला होता आणि तो रास्त होता. परंतु जगाशी असलेला देशाचा संबंध कोणाच्या वाट्याला किती येतो, हे पाहायचे असेल तर पासपोर्टच्या खिडकीपाशी, व्हिसाच्या रांगेत आणि शिष्यवृत्तीच्या निवडयादीत पाहावे लागते. तिथे ज्यांची नावे पिढ्यान्‌पिढ्या नव्हती त्यांची आली, तर ते धोरण सर्वांचे झाले असे म्हणता येईल.

नागपूरसाठी हा विषय जुना आहे. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांना लिहून द्यावा लागला होता. पुढे जुलै 1942 मध्ये नागपुरात अखिल भारतीय परिषद भरली, तिथे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या दलितांच्या राजकीय पक्षाची स्थापना झाली, आणि त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात दाखल झाले. 29 ऑक्टोबर 1942 रोजी त्यांनी व्हाइसरॉयला जे निवेदन दिले, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान-तंत्रज्ञान शिकण्यासाठी आणि परदेशी विद्यापीठांत जाण्यासाठी सरकारी अनुदान द्यावे ही मागणी होती. एका राजाच्या औदार्यावर जे मिळाले ते पुढच्यांना सरकारकडून हक्क म्हणून मिळावे, असा त्या मागणीचा अर्थ मी लावते. आजची योजना त्याच मागणीच्या वाटेवर उभी आहे, म्हणूनच तिचे मोजमाप कडकपणे करावेसे वाटते.

आता आमचा प्रवास. पासपोर्टविषयी माझे मत चांगले आहे, आणि ते मोकळेपणाने नोंदवते. 26 जानेवारी 1989 नंतर जन्मलेल्यांना पूर्वी जन्मदाखल्याशिवाय पासपोर्ट मिळत नसे. ज्या वस्त्यांत बाळंतपणे घरीच होत आणि नोंद करायला कोणी जात नसे, त्या वस्त्यांतील मुलांचे पाऊल या एका अटीपाशी अडायचे. डिसेंबर 2016 मध्ये ही अट सैल झाली. शाळेचा दाखला, आधार, पॅन यांसारखी आठ कागदपत्रे जन्मतारखेसाठी चालू लागली, आई किंवा वडील यांपैकी एकाचे नाव पुरेसे झाले, आणि जोडायच्या प्रतिज्ञापत्रांची संख्याही घटली. 2017 पासून टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रे निघू लागल्याने लहान गावांतल्या लोकांची मोठ्या शहरापर्यंतची पायपीट वाचली. भाचीला 1500 रुपये शुल्कात, कोणाही मध्यस्थाविना पासपोर्ट मिळाला. पोलिस पडताळणीसाठी आलेले हवालदार बहिणीच्या घरी पाणी पिऊन, शेजाऱ्यांना दोन प्रश्न विचारून, "पोरगी शिकायला चालली, चांगलं आहे" असे म्हणून गेले.

पासपोर्टबाबत आणखी एक आठवण इथे सांगण्यासारखी आहे. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर स्थलांतर तपासणीची नोंद असते आणि आखातातील देशांसह 18 देशांत नोकरीसाठी जाताना त्याला वेगळी मंजुरी घ्यावी लागते. 2018 च्या जानेवारीत अशा पासपोर्टचे मुखपृष्ठ नारिंगी करण्याचा निर्णय जाहीर झाला होता. हातातला पासपोर्ट पाहताच माणूस किती शिकला हे विमानतळावर सर्वांना कळले असते. विरोध झाला आणि सरकारने त्याच महिन्याच्या अखेरीस तो निर्णय मागे घेतला. तपासणी हवीच, कारण तिच्याच आधारे कामगाराला 275 रुपयांत दोन वर्षांसाठी दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा मिळतो. रंग मात्र नको होता, आणि तो आला नाही याचे मला मनापासून समाधान वाटते. आमच्या वस्तीतून वेल्डर, चालक म्हणून आखातात गेलेली मुलेही याच देशाच्या परराष्ट्र व्यवहाराचा भाग आहेत.

खरी अडचण सुरू झाली ती दाखल्यांपासून. जातीच्या दाखल्यावर, गुणपत्रिकेवर आणि आधारवर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग तीन प्रकारचे निघाले. आमच्याकडच्या आडनावांचे हे नेहमीचे दुखणे आहे. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी लिहिले ते एक आणि बोर्डाच्या अर्जात कोणी लिहिले ते दुसरे. एका कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बहिणीला चार वेळा जावे लागले आणि दर वेळी तिची एक दिवसाची रजा गेली. ज्याला महिन्याचा पगार सुट्टी घेऊनही मिळतो, त्याला या चार फेऱ्यांची किंमत कळणार नाही. म्हणून सांगते, परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरण्याच्या कितीतरी आधी, पदवीच्या शेवटच्या वर्षातच, सगळ्या कागदांवरील नाव एकसारखे करून घ्यावे आणि गरज पडल्यास राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्यावे.

शहरातील एका खासगी सल्लागाराकडेही आम्ही गेलो होतो. त्याने आधी फी मागितली, नंतर शिष्यवृत्तीचे नाव ऐकून "त्या भानगडीत पडू नका, कर्ज काढा" असा सल्ला दिला. बँकांच्या प्रचलित शिक्षणकर्ज योजनेत साडेसात लाखांच्या वर कर्ज हवे असेल तर तारण लागते. बहिणीचे घर ज्या वस्तीत आहे तिथे अजून मालकी पट्टे मिळालेले नाहीत, तेव्हा तारण ठेवायला घर असूनही घर नाही. अशा कुटुंबाला कर्जाचा सल्ला देणे म्हणजे जाऊ नका असे सांगणेच होते. फी न देता आम्ही उठलो, हा आमचा सर्वांत चांगला निर्णय ठरला. योजनेची नियमावली सरळ आहे, ती दोनदा वाचली की सल्लागाराची गरज राहत नाही, आणि माझ्या मते हा योजनेचा मोठा गुण आहे. अर्ज पूर्णपणे ऑनलाइन आहे, मुलाखत नाही, शिफारस नाही. विद्यापीठाचे जागतिक स्थान पाहून गुणक्रम लागतो. मुलाखतीच्या खोलीत ज्यांचे इंग्रजी उच्चार अडखळतात त्यांच्यासाठी ही पद्धत न्याय्य आहे.

तिची दुसरी बाजूही आहे. क्यूएस क्रमवारी ही संपूर्ण विद्यापीठाची असते. एखाद्या लहान संस्थेत सिंचन, वस्त्रोद्योग किंवा आदिवासी भाषा यांचा उत्तम विभाग असला तरी संस्था 500 च्या बाहेर असेल तर ती बाद होते. विदर्भाला जे विषय हवे आहेत ते नेमके अशा ठिकाणी शिकवले जात असतील, तर आपल्या मुलांनी नावाजलेल्या विद्यापीठातला दुसरा कुठलातरी विषय निवडायचा, असे होते. क्रमवारीऐवजी विषयवार क्रमवारी धरली तरी पुष्कळ फरक पडेल.

पैशांविषयी आता सविस्तर लिहिते, कारण या योजनेचा जीव तिथे आहे आणि तिची सर्वांत कच्ची बाजूही तीच आहे. नियमावलीत ब्रिटनसाठी वर्षाला 9,900 पौंड आणि अमेरिकेसह इतर देशांसाठी 15,400 डॉलर निर्वाहभत्ता ठरवला आहे. किरकोळ खर्चासाठी अनुक्रमे 1,100 पौंड आणि 1,500 डॉलर वेगळे मिळतात. याच्या शेजारी ब्रिटिश सरकारचा स्वतःचा हिशेब ठेवून पाहावा. विद्यार्थी व्हिसासाठी राहण्या-जेवण्याचा जो खर्च ब्रिटन गृहीत धरते, तो भाची गेली तेव्हा लंडनबाहेर महिन्याला 1,023 पौंड होता, म्हणजे नऊ महिन्यांचे 9,207 पौंड. 2 जानेवारी 2025 पासून तो 1,136 पौंड झाला, म्हणजे नऊ महिन्यांचे 10,224 पौंड. लंडनमध्ये त्याच तारखेपासून तो महिन्याला 1,483 पौंड, नऊ महिन्यांचे 13,347 पौंड होता; नोव्हेंबर 2025 मध्ये दोन्ही आकडे आणखी वाढले. याचा अर्थ असा की आपण बारा महिन्यांसाठी जो भत्ता ठरवला आहे, तो ब्रिटनच्या मते लंडनबाहेरच्या नऊ महिन्यांनाही पुरत नाही, आणि लंडनमध्ये तर 2025 च्या सुरुवातीच्या आकड्यांनुसारही तीन-साडेतीन हजार पौंडांची तूट राहत होती. श्रीमंत घरातला मुलगा ही तूट घरून मागवतो. ही योजना ज्यांच्यासाठी आहे त्यांना घरून काही मागवता येत नाही; उलट महिन्याकाठी थोडे घरी पाठवता आले तर बरे, असे त्यांच्या मनात असते. भाची आठवड्याला ठरावीक तास एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करत होती. तिने त्याची तक्रार केली नाही, पण परीक्षेच्या महिन्यातही ते काम सोडता आले नाही, हे तिच्या आईला उशिरा कळले आणि तेव्हा ती माझ्याकडे येऊन रडली.

भत्त्यापेक्षाही अवघड असते ते विमानात बसण्यापूर्वीचे पैसे. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेचे शुल्क भाचीच्या वेळी 17 हजार रुपयांच्या आसपास होते आणि ती पहिल्या फेरीत साधली नाही तर पुन्हा तितकेच भरावे लागतात. काही विद्यापीठे अर्जाचे वेगळे शुल्क घेतात, काही प्रवेश पक्का करण्यासाठी आगाऊ रक्कम मागतात. 2024 साली ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाचे शुल्क 490 पौंड होते आणि आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड. एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला व्हिसा मात्र काही महिने जास्तीचा मिळतो, म्हणून अधिभार दीड वर्षाचा, 1,164 पौंड लागतो. दोन्ही मिळून पावणेदोन लाख रुपयांच्या घरात जाणारी ही रक्कम अर्ज करतानाच, एकाच वेळी, कार्डाने भरावी लागते. बहिणीच्या बचत गटाने उचल दिली, मी माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून काढले, आणि उरलेल्यासाठी तिच्या दोन पाटल्या गहाण गेल्या. मेहुणे हिशेबाची वही पाहून म्हणाले, "सरकार देते तर सगळं, पण आधी आपल्याले भरा लागते." योजनेवर याहून नेमकी टीका मी कुठे वाचलेली नाही. ज्याच्या हातात दोन लाख रुपये रोख असतात त्यालाच मोफत शिक्षण घेता येते, असा प्रकार होऊ नये यासाठी निवडीचे पत्र हाती पडताच प्रवासपूर्व खर्चाची एक रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा झाली पाहिजे. मोठी तरतूद लागणार नाही; 125 विद्यार्थ्यांना प्रत्येकी तीन लाख आगाऊ दिले तरी बेरीज पावणेचार कोटी होते, आणि ती रक्कम पुढच्या हप्त्यांतून वळती करता येते.

वेळेचा प्रश्न सरकारी पातळीवरही गंभीर आहे. 2025-26 साठी 106 जणांची निवड झाली, परंतु जुलैमध्ये सुरुवातीला 40 जणांनाच तात्पुरती मंजुरीपत्रे देण्यात आली आणि उरलेल्या 66 जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्रे दिली जातील असे कळवण्यात आले. परदेशी विद्यापीठाचा प्रवेश सप्टेंबरचा असतो आणि व्हिसाला आठवडे लागतात. जुलैतल्या "निधी उपलब्ध झाल्यास" या शब्दांचा अर्थ त्या 66 घरांत काय झाला असेल, याची मला कल्पना करता येते, कारण आमच्याकडे पत्र येईपर्यंतचे दिवस बहिणीने कसे काढले ते मी पाहिले आहे. 125 जागा जाहीर करायच्या आणि पैसे कमी पडायचे, यापेक्षा जागांइतकी तरतूद अर्थसंकल्पातच पक्की करणे हा साधा उपाय आहे.

एकदा भाची तिकडे पोहोचली, तेव्हापासूनचा अनुभव मात्र मी समाधानाने सांगते. शिकवणीचे शुल्क विद्यापीठाकडे परस्पर गेले, तिला ते हाताळावे लागले नाही. भत्त्याचा हप्ता उच्चायुक्तालयातून आला, तिच्या ई-मेलांना उत्तरे मिळाली. परदेशातील अडचणींसाठी परराष्ट्र मंत्रालयाने 2015 पासून चालवलेल्या 'मदद' या पोर्टलवर तिने निघण्यापूर्वीच नाव नोंदवून ठेवले होते. त्याची वेळ आली नाही, पण आईच्या मनाला त्याचा आधार होता.

तिने काय शिकले हे सांगितल्याशिवाय योजनेची किंमत लक्षात यायची नाही. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आहे; आदिवासींत आहे, तसा आमच्या समाजातही आहे. बहिणीच्या अंगणवाडीत वारंवार सांधे दुखतात म्हणून रडणारी, हातपाय सुजणारी मुले भाचीने लहानपणापासून पाहिली. केंद्र सरकारने जुलै 2023 मध्ये या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या प्रत्येक बाळाची टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन सिकलसेलसाठी तपासणी होते, आणि आजार असलेल्या बाळावर तान्हेपणापासून उपचार चालू होतात. ही तपासणी कशी बसवली, दायींनी ती कशी स्वीकारली, आईवडिलांना निकाल कोणत्या शब्दांत सांगतात, यावर तिने आपला प्रबंध लिहिला. ती आता परतली आहे आणि विदर्भातल्या एका रुग्णालयाच्या तपासणी प्रकल्पात काम करते आहे. जे शिकायला गेली ते इथल्या पाळण्यापर्यंत आणण्याचा तिचा प्रयत्न आहे. एका सरकारला परदेशाशी असलेल्या संबंधांतून याहून जास्त काय मिळवायचे असते?

म्हणूनच 2022 च्या सुरुवातीला नियमावलीत घातलेली एक अट मला फार खटकते. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताशी संबंधित सामाजिक अभ्यास या विषयांना तेव्हापासून ही शिष्यवृत्ती मिळत नाही. असे विषय देशातच चांगले शिकता येतात आणि मर्यादित पैसा इतर विषयांसाठी वापरावा, असे त्यामागचे सरकारी म्हणणे आहे. माझ्या ग्रंथालयात येणारी एक विद्यार्थिनी नागपूरच्या 1942 च्या महिला परिषदेवर संशोधन करू इच्छिते. 20 जुलै 1942 रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली हजारो दलित स्त्रिया या शहरात एकत्र आल्या होत्या, आणि घटस्फोटाच्या हक्कापासून कामगार स्त्रियांच्या रजेपर्यंतचे ठराव त्यांनी केले होते. ब्रिटिश राजवटीचे सरकारी दप्तर, इंडिया ऑफिसचे कागद, आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. म्हणजे आपल्या आज्यांनी केलेल्या परिषदेचे काही कागद लंडनला, आणि तिथे जाऊन ते वाचण्याची शिष्यवृत्ती मात्र नाही. आरोग्य शिकायला पाठवायचे आणि स्वतःचा इतिहास लिहायला पाठवायचे नाही, हा भेद मला पटत नाही. ज्या समाजाबद्दल परदेशांत शंभर वर्षे इतरांनी लिहिले, त्या समाजातल्या मुलांनी तिथे जाऊन स्वतःबद्दल बोलणे, हा देशाच्या प्रतिमेला धोका नसून तिचा गौरव आहे. ही अट काढली जाईपर्यंत अशा विद्यार्थ्यांनी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पाहावी. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी तिच्यात वर्षाला 75 जागा असतात. दोन्हींचे नियम वेगळे आहेत आणि ते वर्षागणिक बदलतात, तेव्हा जुन्या जाहिरातीवर विसंबू नये.

अमेरिकेला जाऊ इच्छिणाऱ्यांना एक सूचना. नागपूरकरांना व्हिसासाठी सहसा मुंबईच्या वाणिज्य दूतावासात जावे लागते. विदर्भ एक्स्प्रेसचे तिकीट, राहण्याची सोय आणि पालकांपैकी एकाची रजा हे सगळे धरून ठेवावे. 2025 च्या मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या होत्या, आणि ज्यांचे वर्ग ऑगस्टमध्ये होते त्यांची मोठी तारांबळ उडाली. शिष्यवृत्ती आपल्या सरकारची असली तरी दार दुसऱ्या देशाच्या हाती असते. शक्य असल्यास दोन देशांत प्रवेश मिळवून ठेवावा.

भाची लंडनला गेली होती तेव्हा किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाच्या घरी जाऊन आली. बाबासाहेब 1921-22 मध्ये तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने 2015 साली ते घर विकत घेऊन स्मारक केले. तिने तिथून आईला व्हिडिओ कॉल केला, आणि माझी बहीण अंगणवाडीतली मुले जेवायला बसली असताना ओसरीवर उभी राहून तो जिना, ती खिडकी पाहत होती.

पाचपैकी गुण द्यायचे झाले तर निवडीच्या पद्धतीला मी चार देईन, परदेशातील सेवेला चार, भत्त्याला दोन, आणि प्रवासापूर्वीच्या पैशांच्या सोयीला एक. तरीही अर्ज करा असेच मी प्रत्येकाला सांगते. यंदा आमच्या गल्लीतली एक मुलगी अर्ज भरणार आहे. तिचे वडील पाचपावलीत चपलांचे कारागीर आहेत आणि तिला जर्मनीत चर्मोद्योगातील रसायनशास्त्र शिकायचे आहे. गेल्या रविवारी तिच्या सगळ्या कागदांवरचे आडनाव तपासून झाले. आधारवर एक अक्षर जास्त आहे. ते दुरुस्त करायला ती आणि तिचे वडील सोमवारी जाणार आहेत, आणि बचत गटाच्या पुढच्या बैठकीत तिच्या परीक्षेच्या शुल्काचा विषय बहिणीने आधीच मांडून ठेवला आहे.